चार ढेकळं

आखाजीच्या आदल्या दिवशी आई मळ्यातून चार ढेकळं आणायची,
ओच्यात, अंडी आणावीत तशी.
देव्हाऱ्यापुढे चौकोनात मांडायची
आणि एकेकाच्या डोक्यावर बोट टेकवून नाव ठेवायची:
जेठ, आखाड, सावन, भादवा.
त्यांच्यावर सुपडू कुंभाराच्या आव्यातली नवी घागर,
घागरीवर डेरगं, डेरग्यावर डांगर,
मग घरातल्या गेलेल्यांची नावं,
झोपलेल्याला उठवू नये इतक्या हळू.

रात्रभर घागर पाझरायची.
सकाळी जे ढेकूळ सगळ्यांत ओलं
तो महिना पावसाचा.

अकराव्या वर्षी मी वही केली.
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली, दोनशे पानी.
डाव्या रकान्यात आईचं ढेकूळ,
उजव्यात मंडळाच्या पर्जन्यमापकाचे मिलिमीटर,
धुडकू कोतवालाच्या रजिस्टरातून उतरवलेले,
एक दशांश स्थळापर्यंत.
लग्न होऊन धुळ्याला गेले, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागले,
तरी दर आखाजीला माहेरी झोक्याआधी
ओणवी होऊन ढेकळं बघायची.

बावीस वर्षांनी हिशेब मांडला.
सहा वेळा बरोबर.
आई सांजोऱ्या तळत होती. मी म्हटलं,
डोळे मिटून बोट ठेवलं असतंस ना,
तरी साडेपाच वेळा बरोबर आलं असतं.
"साडेपाच? अर्धं कसं व?"
तिनं झारा निथळला. कढईकडेच बघत म्हणाली,
"मंग मी घागर कसावर ठेवू, माय?"

मला ते उत्तर वाटलंच नाही.
पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचे मी हा किस्सा,
संभाव्यतेच्या तासाला. हसायची मुलं.
हे मात्र नाही सांगायचे
की कापसाचं बी आई जळगाव आकाशवाणी ऐकूनच घ्यायची,
ढेकळांना विचारून कधीच नाही,
आणि दोन्ही कामं एकाच हाताने करायची.

धुडकूनाना निवृत्त झाले त्या आखाजीला
निंबाखाली पत्त्यांचा डाव जिंकत होते.
खुशीत होते. सहज म्हणाले,
तुझी ती वही आहे का गं अजून?
अगं, त्या यंत्रातली शिशी फुटली होती मधे.
तीन पावसाळे. वर कळवलं, नवी आलीच नाही.
मग मी अंगणात उभा राहायचो, आभाळ बघायचो,
परातीत किती साचलं ते बघायचो,
आणि लिहायचो आपला आकडा.
तेरा पूर्णांक चार. कधी सात पूर्णांक दोन.
पूर्ण आकडा लिहिला की तहसीलवाले शंका घेतात.

मी त्यांच्या हातातली बदामाची राणी बघत राहिले.
बावीस वर्षांत एकदाही
त्या रजिस्टरावर मी बोट टेकवून विचारलं नव्हतं
तू कशावर उभं आहेस.

आईला सांगितलं नाही. ती हसली नसती,
तेच मला सोसलं नसतं.

यंदाचं डेरगं तिच्या नावाचं.
वहिनीने आगारीसाठी निखारे काढलेत,
पुरण झालंय, भाऊ डांगर घेऊन उभा आहे.
ढेकळं मी आणली, मळ्यातून,
ओच्यात नाही, पिशवीत; एक वाटेतच फुटलं,
परत जावं लागलं.
नावं ठेवताना आवाज निघेना, तर मनात ठेवली.
पुतणी विचारते, आत्या, हे खरं असतं का?
मी म्हणते, सहा वेळा होतं. कदाचित.
म्हणजे मोजलं तेव्हा. मोजणाऱ्यानं मोजलं असलं तर.
ती आपल्या आईकडे बघते.

घागर ठेवली तर डुगडुगली.
गोल बुडाची. जमिनीवर ती कधीच उभी राहिली नसती
हे मला आता, चाळिशी उलटल्यावर दिसतंय.
भादवा जरा आत सरकवला,
आखाडाला खालून चिमूटभर माती लावली.
बसली.

हाताला लागलेली माती पुसायची राहिली.
वही आणलीय मी.
पेन कुणाकडे आहे का?